घराखालचा ढाळ

सीताबर्डीहून वर्धा रोडने निघून उज्ज्वलनगरपाशी डावीकडे वळलं आणि रेल्वेचे रूळ ओलांडले, की मनीषनगर लागतं. इथल्या जुन्या रहिवाशांना फाटक उघडण्याची वाट बघत घालवलेल्या संध्याकाळी अजून आठवतात. नोव्हेंबर २०२० मध्ये रेल्वेवरचा उड्डाणपूल आणि खालचा भुयारी मार्ग सुरू झाला. वर्धा रोडवर तर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी तीन मजली रहदारी आली. डोळ्यांना दिसणारं बहुतेक सगळं बदललं. जमिनीखाली मात्र अनेक प्लॉटमध्ये अजून तीच चार इंची लाइन आहे, जी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी, आजूबाजूला शेतं असताना, एखाद्या मिस्त्रीने दोन दिवसांत अंदाजाने टाकली आणि तिसऱ्या दिवशी मातीखाली गाडून टाकली. ती नेमकी कुठून कुठे जाते, हे आज त्या घरातल्या कुणालाही ठाऊक नसतं.

ती आपली आठवण करून देते ती जुलैत. एक दणदणीत सर येते आणि तळमजल्यावरच्या न्हाणीघरातली जाळी गुडगुडायला लागते. मग कमोडमधलं पाणी वर चढतं. प्लंबर येतो, चेंबरचं झाकण सरकवतो, बांबूच्या कामट्या घालून ढोसतो, वरून अ‍ॅसिडची बाटली ओततो. लाइन मोकळी होते, पैसे दिले जातात आणि दिवाळीच्या आसपास तोच प्लंबर त्याच चेंबरपाशी पुन्हा उकिडवा बसलेला दिसतो. जुन्या लाइनीबाबत एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. तुंबणं हा रोग क्वचितच असतो, बहुतेक वेळा ते लक्षण असतं. खरा दोष ढाळात असतो, सांध्यात असतो, नाहीतर चुकीच्या नळीत शिरलेल्या पावसात असतो. आणि तो शोधल्याशिवाय केलेली दुरुस्ती म्हणजे प्लंबरला दिलेली वार्षिक वर्गणी.

घरातल्या सांडपाण्याला पुढे ढकलणारं कोणतंही यंत्र नसतं. त्याला नेते ती फक्त जमिनीची ओढ. त्यामुळे सगळा खेळ ढाळाचा. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत मॅग्वायर नावाचा एक जुना ठोकताळा आहे आणि तो आजही चालतो. पाइपचा व्यास इंचांत घ्या आणि दहाने गुणा. चार इंची पाइपला चाळीस फुटांमागे एक फूट, सहा इंचीला साठ फुटांमागे एक फूट. म्हणजे घराच्या मागच्या न्हाणीपासून रस्त्यालगतच्या चेंबरपर्यंत दहा मीटरचं अंतर असेल, तर चार इंची पाइपचं शेवटचं टोक पहिल्या टोकापेक्षा पंचवीस सेंटिमीटर खाली हवं. असा ढाळ मिळाला की पाणी सेकंदाला साधारण पाऊण मीटर वेगाने जातं आणि घाण सोबत घेऊन जातं. वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली उतरला की पाणी पुढे जातं, गाळ मागे राहतो. गाळावर साबणाचा थर, त्यावर केस, त्यावर आणखी गाळ. चार इंची पाइप असा हळूहळू अडीच इंची होतो, आणि घरच्यांना त्याचा पत्ता लागेपर्यंत काही वर्षं निघून गेलेली असतात.

पंचवीस सेंटिमीटर हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेली लाइन घराला वळसा घालून पुढे येते, तेव्हा अंतर वीस-बावीस मीटर होतं आणि अर्धा मीटर खोली नुसत्या ढाळातच खर्च होते. खोदाई वाचवण्यासाठी मिस्त्री तिथे हात आखडता घेतो. पाणसळ किंवा पाणी भरलेली लेव्हल ट्यूब न लावता डोळ्याने टाकलेल्या लाइनीत कुठेतरी पोट येतंच. त्या पोटात पाणी कायम साचून राहतं, आणि कामट्या घालून ते पोट सरळ होत नाही.

लाइन टाकली त्या दिवशी ढाळ अगदी बरोबर असला, तरी तो तसाच राहील याची नागपुरात खात्री नाही. याला कारण इथली काळी माती. दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडची कड नागपूरच्या आसपास संपते आणि त्या पाषाणाची झीज होऊन बनलेली कपाशीची काळी माती शहराच्या पुष्कळ भागात आहे. या मातीतल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं आणि वाळलं की आकसतं. मे महिन्यात वैदर्भीय शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळेच. नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान पाहिलं आहे आणि त्याच जमिनीवर वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत. मातीत पुरलेली नळी या ओढाताणीत दरवर्षी एकदा वर ढकलली जाते आणि एकदा खाली सोडली जाते.

सिमेंटने पक्के केलेले सांधे ही कवायत सहन करत नाहीत. ते चिरतात. चिरलेल्या सांध्यातून पाणी झिरपतं, तेवढ्याच जागची माती फुगते, शेजारची कोरडीच राहते आणि नळी आणखी वाकते. एका सांध्याची चीर पुढच्या सांध्याला पोचते. मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या पट्ट्यातल्या घरांच्या कुंपणभिंतींवर तिरप्या भेगा दिसतात तेव्हा लोक पायाला दोष देतात. अनेकदा त्या भेगेच्या बरोबर खालून झिरपणारी लाइन गेलेली असते.

नळी कशाची आहे, यावर तिचं म्हातारपण कसं येईल हे ठरतं. सर्वांत जुन्या घरांत अंगणातून जाणारी तपकिरी, चकचकीत स्टोनवेअरची नळी सापडते. ती स्वतः भाजलेल्या मातीची, तिला अ‍ॅसिडनेही काही होत नाही. पण तिचे तुकडे लहान असतात, त्यामुळे सांधे खूप आणि सांध्यात सिमेंट. भिंतीवरून उतरणारे बिडाचे पाइप आतून गंजतात आणि गंजाच्या खडबडीत पोपड्यांवर सगळं अडकतं. अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप ठिसूळ झालेले असतात, आणि ते कापताना-फोडताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून त्यांना ग्राइंडर लावू नये, ओलं करून आख्खे काढावेत. सिमेंट काँक्रीटच्या पाइपची गंमत वेगळीच. तो खालून न झिजता वरून झिजतो. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू वरच्या ओल्या भागावर बसतो, तिथले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि छत खाऊन टाकतात. एक दिवस अंगणात खड्डा पडतो.

आजकाल सगळीकडे पीव्हीसी. ते गंजत नाही, गुळगुळीत असतं, स्वस्त पडतं. पण दुकानात ‘चार इंची पाइप द्या’ म्हणणारा माणूस निम्मीच गोष्ट विचारतो. सांडपाण्याच्या पीव्हीसी पाइपसाठी भारतीय मानक आयएस १३५९२ आहे आणि त्यात दोन प्रकार आहेत. टाइप ‘ए’ पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या नळीसाठी, त्याची जाडी कमी. टाइप ‘बी’ मैला-सांडपाण्यासाठी, त्याची जाडी जास्त. जमिनीत पुरायच्या लाइनीला तर आयएस १५३२८ हे वेगळंच मानक आहे. पाइपवर हे आकडे छापलेले असतात. बिल देण्याआधी ते वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत, पण पावसाच्या पाण्याचा पाइप कमोडला जोडलेला सापडणं ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. भिंतीवरच्या पीव्हीसीला उन्हाचाही त्रास होतो. चाळीस अंशांचा फरक पडला तर दहा मीटर पाइप अडीच-पावणेतीन सेंटिमीटरने लांबतो. जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली पश्चिमेची भिंत यांच्यात तेवढा फरक नागपुरात सहज पडतो. क्लॅम्प आवळून जखडलेला पाइप मग सांध्यातून सुटतो किंवा धनुष्यागत बाहेर येतो. म्हणून रबर रिंगचे सांधे, आणि प्रत्येक सांध्यात सरकायला थोडी जागा.

आता पावसाकडे येऊ. इथे हिशेब करून पाहिला तर डोळे उघडतात. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीच हजार लिटर पाणी उतरतं. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण धरलं, तर चौघांचं कुटुंब दिवसभरात ५४० लिटर वापरतं. म्हणजे एका सरीच्या तासाभरात, साडेचार दिवसांच्या सांडपाण्याएवढं पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नागनदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. त्या रात्री अशाच एका गच्चीवरून दहा हजार लिटर पाणी उतरलं असणार. गच्चीचा पाइप जर सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सोडलेला असेल, तर ते सारं पाणी चार इंची नळीतून बाहेर पडण्याची वाट शोधतं. वाट मिळत नाही, तेव्हा ते सर्वांत खालच्या उघड्या तोंडातून वर येतं. ते तोंड म्हणजे तळमजल्यावरची न्हाणी.

कायदा आणि व्यवहारज्ञान दोन्ही सांगतात की पावसाचं पाणी आणि सांडपाणी वेगवेगळं न्यावं. पण अंगणाचं पाणी तुंबलं की झाकण सरकवून ते चेंबरमध्ये सोडायचं, हा घरोघरचा सोपा उपाय. उलट दिशेचा गुन्हाही तितकाच सर्रास होतो. फ्लॅटची मागची बाल्कनी बंद करून तिथे वॉशिंग मशिन आणि भांडी घासायचं बेसिन येतं, आणि त्याची नळी जवळ दिसेल त्या पाइपला, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या पाइपला जोडली जाते. साबणाचं पाणी मग गडरलाइनीत, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनीत, न जाता उघड्या नालीत जातं आणि तिथून दक्षिण नागपुरातून वाहणाऱ्या पोहरा नदीत. दर उन्हाळ्यात महापालिका नाग, पिवळी आणि पोहरा या तिन्ही नद्यांतून पोकलेनने गाळ उपसते. त्या गाळात बाल्कनीतल्या बेसिनांचाही वाटा आहे.

यात सिमेंट रस्त्यांची भर पडली. नागपुरात गेल्या काही वर्षांत गल्लीबोळांपर्यंत सिमेंटचे रस्ते झाले आणि पुष्कळ ठिकाणी जुना थर न उखडता नवा चढवल्याने रस्त्याची पातळी घरांच्या जोत्याला येऊन भिडली. पावसाचं पाणी घराकडे वळतं, हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की, पूर्वी रस्त्यातली मोठी लाइन भरली तर तिचं पाणी रस्त्यावरच्या मॅनहोलमधून बाहेर पडत असे, कारण ते झाकण घरातल्या फरशीच्या खाली होतं. आता रस्ता उंच झाला, झाकण वर गेलं आणि फरशी खाली राहिली. भरलेली लाइन आता रस्त्यावर न उफाळता न्हाणीत उफाळते. अशा घरांनी शेवटच्या चेंबरमध्ये उलटं पाणी रोखणारा रिफ्लक्स व्हॉल्व बसवायलाच हवा. तो जादूचा नाही. झडप बंद असेपर्यंत घरचं पाणीही बाहेर जात नाही, आणि झडपेत प्लॅस्टिकची पिशवी अडकली तर तो असून नसल्यासारखा. पण मैला घरात येण्यापेक्षा तासभर नळ बंद ठेवणं केव्हाही बरं.

तेलाचा विषय नागपुरात टाळून चालणार नाही. सावजी रश्श्यावरची तर्री ताटात शोभते, नळीत नाही. गरम असताना पातळ असलेलं तेल-तूप पाइपात थंड होतं, पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून कडक साबणासारखं घट्ट बसतं. सप्टेंबर २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागाखाली असा अडीचशे मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला. तो फोडायला कित्येक आठवडे लागले, आणि त्याचा एक तुकडा नंतर लंडनच्या संग्रहालयात काचेमागे ठेवला गेला. घरगुती पातळीवर उपाय साधा आहे. कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसायची, मग घासायची. खाणावळ, केटरिंग किंवा डबे चालवणाऱ्या घराने मात्र सिंकखाली तेल अडवणारा ट्रॅप बसवावा आणि तो आठवड्याला रिकामा करावा.

झाडांचं काय? पाइपच्या चिरेतून निघणारी ओल मुळांना कळते आणि केसाएवढं मूळ आत शिरून आत झुपका करतं. वड, पिंपळ, उंबर यांची मुळं तर भिंत फोडतात, त्यांच्यापुढे सिमेंटचा सांधा काय टिकणार! अमेरिकेत आयोवा राज्यातल्या द मॉइन शहरात सॅम्युएल ब्लँक नावाच्या गृहस्थांना १९३०च्या दशकात मुलाच्या घरची अशीच मुळांनी अडलेली लाइन मोकळी करायची होती. त्यांनी धुलाई यंत्राची मोटार, रोलर स्केटची चाकं आणि पोलादी दोर जोडून पातं फिरवणारं यंत्र बनवलं. आज नागपुरातले प्लंबरही जी फिरती स्प्रिंग वापरतात, ती त्याच जातीची. पण मूळ कापलं तरी चीर उरतेच. सांधा न बदलता नुसती कापणी केली, तर ते पुन्हा येतं.

उन्हाळ्यातल्या दुर्गंधीची गोष्ट वेगळी आणि बहुतेक वेळा फुकटात मिटणारी. कमोडच्या मागे, न्हाणीच्या जाळीखाली आणि बाहेरच्या गल्ली ट्रॅपमध्ये नळीला एक वळण असतं आणि त्यात चार-पाच सेंटिमीटर पाणी अडून राहतं. लाइनीतला वायू त्या पाण्यापलीकडे येत नाही. हे वळण अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये पेटंट केलं, आणि अडीचशे वर्षांत त्याला पर्याय सापडलेला नाही. मे महिन्यात घर बंद करून सगळे गावाला गेले, की हे पाणी वाळतं. परत आल्यावर घरात वास आणि झुरळं. जाण्याआधी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल टाकलं, तर ते बरेच दिवस टिकतं. माणसं घरात असूनही वास येत असेल, तर गच्चीवर गेलेली हवेची नळी तपासावी. तिच्या तोंडाशी पक्ष्याचं घरटं असतं, नाहीतर कुणीतरी ‘वास येतो’ म्हणून तिलाच टोपी घातलेली असते. हवा मिळाली नाही, की वरच्या मजल्यावरचा फ्लश खालच्या मजल्यावरच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतो.

फ्लॅट स्कीममध्ये मामला चिघळतो. संडास-न्हाणीखालचा स्लॅब फूटभर खाली घेऊन त्यात पाइप टाकायचे आणि वर विटांचे तुकडे भरून फरशी बसवायची, ही आपल्याकडची रीत. न्हाणी ट्रॅपचा एक सांधा सुटला की तो सगळा खोलगट भाग गुपचूप पाण्याने भरतो आणि खालच्याच्या छताला ओल येते. वरचा म्हणतो, आमच्याकडे सगळं कोरडं आहे. तो खोटं बोलत नसतो, त्याच्या फरशीवर खरंच काही दिसत नाही. भांडण मिटवायला न्हाणीच्या जाळीला बोळा मारून वर दोन इंच पाणी भरावं, त्यात गडद रंग कालवावा आणि दोन दिवस वाट बघावी. रंग खाली उतरला तर दोष फरशीत किंवा ट्रॅपच्या कडेला. नाही उतरला तर बोळा काढून तेच रंगीत पाणी नळीत सोडावं. आता उतरला तर दोष नळीच्या सांध्यात. एवढं केल्याशिवाय टाइल्सवर हातोडा मारू नये.

खर्च कुणाचा? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सांडपाण्याच्या लाइनी आणि सेप्टिक टँक यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चात धरली आहे, तर सदनिकेच्या आतल्या संडास-सिंकच्या गळतीचा खर्च सभासदाच्या माथी. नागपुरात मात्र कित्येक स्कीम सोसायटी नसून १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या आहेत. तिथे डीड ऑफ डिक्लेरेशन काढून सामाईक भाग कोणता आणि कुणाचा हिस्सा किती टक्के, हे बघावं लागतं. इमारत नवी असेल तर रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातले आणि सेवासुविधांतले दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचे असतात. तक्रार लेखी द्यावी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा संताप पुराव्यात धरला जाण्याची आशा बाळगू नये.

जमिनीखालची लाइन तपासायलाही आधी खोदावं लागत नाही. दोन चेंबरची झाकणं उघडा, एका टोकाला टॉर्च धरा, दुसऱ्या टोकाला आरसा. पूर्ण गोल दिसला तर नळी सरळ आणि मोकळी. चंद्रकोर दिसली तर मध्ये पोट आलंय किंवा गाळ आहे. पाइपच्या आतल्या मापापेक्षा अर्धा इंच कमी व्यासाचा गुळगुळीत चेंडू वरच्या टोकाला सोडला आणि तो खालच्या चेंबरमध्ये आला नाही, तर आत सांध्याचं सिमेंट तरी बाहेर आलेलं आहे किंवा नळी बसली आहे. या चाचण्या जुन्या आहेत आणि त्यांना वीजही लागत नाही. त्यांनी संशय आला तर मग तारेवरचा छोटा कॅमेरा आत सोडणारा माणूस बोलवावा. तो किती मीटरवर काय दिसलं हे सांगतो, त्यामुळे आख्खं अंगण न उकरता दोन फुटांचा खड्डा पुरतो.

चेंबर उघडलंच आहे तर त्याचा तळही बघावा. तळ सपाट असेल तर तो चुकीचा. पाण्याला जायला मधोमध अर्धगोल पन्हळ हवी आणि दोन्ही बाजूंनी तिच्याकडे उतरणारा सिमेंटचा कठडा. सपाट तळाच्या चेंबरमध्ये घाण बसते आणि दर महिन्याला तुंबते. मिस्त्रीचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण त्याने जेवढी तुंबण थांबते, तेवढी अ‍ॅसिडच्या वीस बाटल्यांनी थांबत नाही.

अ‍ॅसिड तर सोडावंच. ते सिमेंटचे सांधे आणि चेंबरचं प्लास्टर खातं. कॉस्टिक सोड्याची पावडर पाण्यात उकळीपर्यंत तापते आणि ऐंशी अंशांच्या आसपास पीव्हीसी मऊ पडून वाकतं. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर बंद न्हाणीत क्लोरीन वायू तयार होतो. सेप्टिक टँक असेल तर या सगळ्यांनी त्यातले कामाचे जिवाणू मरतात. दाबाने पाणी मारणारं जेटिंग मशिन वर्षा-दोन वर्षांतून एकदा, तेही एप्रिल-मे महिन्यात, हा त्याला चांगला पर्याय. फक्त जुन्या स्टोनवेअर लाइनीत दाब कमी ठेवायला सांगावं.

लाइन बदलायची वेळ आलीच, तर काळी माती पुन्हा खड्ड्यात भरू नये. नळीच्या खाली, बाजूंनी आणि वर वीतभर वाळू किंवा बारीक मुरूम. मुरूम नागपुरात मुबलक आहे, सबब चालणार नाही. रबर रिंगचे सांधे, प्रत्येक वळणावर चेंबर, आणि खड्डा बुजवण्याआधी खालचं तोंड बंद करून लाइन पाण्याने भरून ठेवायची. पातळी उतरली तर मिस्त्रीने पुन्हा सांधे करायचे. पिण्याच्या पाण्याची नळी नेहमी वर आणि लांब, गडर खाली. पार्किंगखालच्या पाण्याच्या टाकीला खेटून चेंबर असेल तर ते आधी हलवावं. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तिचा विषाणू पुढे हिपॅटायटिस ‘ई’ म्हणून ओळखला गेला.

खोदाई शक्यच नसेल, घराच्या खालूनच लाइन जात असेल, तर आणखी एक वाट आहे. एरिक वुड या ब्रिटिश अभियंत्याने १९७१ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात जुन्या गटाराच्या आत राळेत भिजवलेली कापडी नळी घालून, फुगवून आणि कडक करून नळीतच नवी नळी तयार केली. हे तंत्र आता भारतातही मोठ्या लाइनींसाठी वापरतात. घरगुती चार इंचीला ते महाग पडतं. शिवाय बिघडलेला ढाळ त्याने सुधारत नाही, पोट असलेल्या लाइनीला ते अस्तर लावून देतं इतकंच.

बेसा, बेलतरोडीकडच्या काही भागांत अजून सेप्टिक टँकवरच भिस्त आहे. तो दोन-तीन वर्षांनी उपसावा, भरून वाहण्याची वाट बघू नये. गडरलाइन आली आणि जोडणी झाली, की जुना टँक लाइनीतून वगळून, रिकामा करून, मुरूम भरून बुजवावा. अनेक घरांत तो विसरला जातो आणि सगळं पाणी अजूनही त्याच्यातूनच फिरून जात असतं.

आणि या साऱ्यात ज्याच्याशी तडजोड नाही, ती गोष्ट म्हणजे माणूस आत उतरवणं. हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा त्याचा कुजका वास येतो, पण दशलक्ष भागांत शंभर भाग झाला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटून माणूस खाली वाकतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने संरक्षण साधनांशिवाय गटार-सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. पाचशे रुपयांत उतरायला तयार असलेला माणूस दारात उभा असला तरी घरमालकाने नाही म्हणावं आणि महापालिकेच्या झोन कार्यालयातून सक्शन गाडी मागवावी.

घरातून बाहेर पडलेलं पाणी पुढे कुठे जातं, हेही बघण्यासारखं आहे. नागपूरचं बरंचसं सांडपाणी भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध होतं आणि त्यातलं पाणी कोराडी-खापरखेडा परिसरातल्या वीजकेंद्रांना पुरवलं जातं. एका घरच्या न्हाणीचं पाणी दुसऱ्या घरचा पंखा फिरवायला मदत करतं. जे पाणी गडरलाइनीत न जाता नालीत जातं, ते नाग आणि कन्हानमार्गे वैनगंगेत, थेट गोसीखुर्दच्या धरणापर्यंत पोचतं.

पुढच्या एप्रिलमध्ये एखाद्या रविवारी सगळी झाकणं उघडावीत. प्रत्येक न्हाणीत वेगळ्या रंगाचं पाणी सोडावं आणि कोणता रंग कोणत्या चेंबरमध्ये येतो ते कागदावर लिहावं. चेंबरची खोली, दोन चेंबरमधलं अंतर आणि भिंतीपासूनची मापंही त्यावरच घ्यावीत. यापुढे जेव्हा केव्हा खड्डा खणला जाईल, तेव्हा तो बुजवण्याआधी नळीशेजारी टेप धरून फोटो काढावा. कागद आणि फोटो घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवावेत, आणि घर विकलं तर किल्ल्यांबरोबर ती फाइलही नव्या मालकाच्या हाती द्यावी.